न हलणाऱ्या चित्रांची पळापळ

डोरेमॉन लागला की तुम्ही जेवणाचं ताट घेऊन थेट टीव्हीसमोर बसता, हे मला ठाऊक आहे. नाही म्हणू नका! मीही तेच करायची आणि अजूनही करते. फरक एवढाच, की आता कुणी ओरडलं तर 'अभ्यास चाललाय' असं मला सांगता येतं. आणि ते खोटंही नसतं, कारण मी ॲनिमेशन शिकते.

माझं गाव काकती. बेळगावहून कोल्हापूरच्या दिशेनं निघालात की हमरस्त्यावर लगेच लागतं ते. कित्तूरची राणी चन्नम्मा १७७८ साली जन्मली ती आमच्या गावात. सुट्टीला घरी गेले की गल्लीतली पोरं मला गाठतात.

"ताई, तू कार्टून शिकायलीस म्हणं? मग कॉलेजात दिवसभर कार्टूनच बघत बसतासा काय?"

"शिनचॅनला खरंच कुणीतरी काढतंय? का तो आपापला हलतोय?"

दुसरा प्रश्न फार भारी आहे. त्याचं उत्तर ऐकून तुम्ही चक्रावाल. शिनचॅन हलत नाही. डोरेमॉन, छोटा भीम, टॉम, जेरी, कुणीच हलत नाही. पडद्यावर एकामागून एक येतात ती सगळी गप्प, जागच्या जागी थांबलेली चित्रं. मग ती पळापळ चालते कुठे? तुमच्या डोक्यात!

मेंदूची चलाखी

सिनेमात एका सेकंदाला २४ चित्रं दाखवतात. अशा एकेका चित्राला म्हणतात फ्रेम. मागच्या फ्रेममध्ये जेरीचा पाय जरा मागे असतो, पुढच्या फ्रेममध्ये जरा पुढे. मधल्या जागेत पाय कुणी काढलेलाच नसतो. तो तुमचा मेंदू भरून काढतो, तेही तुम्हाला न विचारता.

शाळेच्या पुस्तकात तुम्हाला 'दृष्टिसातत्य' भेटलं असेल किंवा पुढं भेटेल. डोळ्यांसमोरून एखादी गोष्ट गेली तरी तिचा ठसा सुमारे १/१६ सेकंद टिकतो. अंधारात पेटती उदबत्ती गोल फिरवली की लाल कडं दिसतं, ते त्यामुळेच. पण जरा डोकं चालवा. ठसा टिकला म्हणून चित्र पळेल का? नुसतेच ठसे एकावर एक पडत गेले असते, तर डोरेमॉनच्या जागी निळाशार चट्टा दिसला असता! म्हणजे दृष्टिसातत्य मदतीला असलं, तरी खरी करामत दुसरीच आहे.

तिचा बारकाईनं अभ्यास केला माक्स वेर्थहायमर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं. असं सांगतात, की १९१० साली हे महाशय सुट्टीसाठी आगगाडीनं निघाले होते. वाटेत डोक्यात कल्पना आली, तसे ते फ्रँकफुर्टला उतरले आणि चित्रं फिरवायचं एक खेळणं विकत घेतलं. सुट्टी राहिली बाजूला! मग प्रयोग सुरू झाले. शेजारी-शेजारी दोन रेघा, एक दाखवायची आणि घालवायची, मग दुसरी दाखवायची. दोन्हींमध्ये सेकंदाचा पाचवा भाग एवढा वेळ सोडला, तर माणसांना आधी ही मग ती अशा दोन वेगळ्या रेघा दिसल्या. वेळ अगदी कमी, सेकंदाचा तिसावा भाग वगैरे केला, तर दोन्ही एकदमच दिसल्या. पण मधला वेळ साधारण सेकंदाच्या सोळाव्या भागाएवढा ठेवला, तेव्हा गंमत झाली. एकच रेघ इकडून तिकडे सरकताना दिसली! खरं तर काहीच सरकलं नव्हतं. हा अभ्यास १९१२ साली छापून आला.

तुम्हीही हा प्रयोग बघितलाय. गणपतीच्या मांडवावर धावती लायटिंग असते ना? उजेड सरसर पळत कमानीवर चढतो. पण बल्ब आपापल्या जागी घट्ट बसलेले असतात. एक विझतो, शेजारचा पेटतो, आणि पळवतो तो तुमचा मेंदू.

आणखी एक गुपित सांगते. रिळांच्या जुन्या थिएटरात एक फ्रेम सरकून दुसरी जागेवर येईपर्यंत दिव्यासमोर एक पाकळी फिरत यायची आणि उजेड अडवायची. म्हणजे सिनेमा बघताना बराच वेळ पडदा चक्क काळा असायचा. तुमच्या आजी-आजोबांनी तिकिटाचे पैसे देऊन भरपूर अंधार बघितलाय, आणि त्यांना पत्ताच नाही!

प्रोफेसर केळफांच्या काड्या

आता एका जादूगाराची ओळख करून देते. नाव प्रोफेसर केळफा. हे नाव उलटं वाचा बरं. ओळखलंत? हे आपले दादासाहेब फाळके. त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मले, मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात चित्रकला शिकले, आणि केळफा या नावानं जादूचे प्रयोगही करायचे. 'राजा हरिश्चंद्र' हा त्यांचा चित्रपट १९१३ च्या ३ मे रोजी लोकांसमोर आला, हे तुम्हाला माहीत असेल. पण त्याच्या आधी त्यांनी काय केलं?

१९१२ साली ते लंडनहून कॅमेरा घेऊन आले. चित्रपट काढायला पैसे हवे होते. पण पैसेवाल्यांना कसं पटवायचं, की हे यंत्र काय करू शकतं? दादासाहेबांनी कुंडीत वाटाणा पेरला. समोर कॅमेरा रोवला आणि रोज एक फ्रेम घेतली. महिनाभराहून जास्त काळ हे चाललं. मग ती फिल्म दाखवली, तेव्हा बघणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत कोंब फुटला, वाढला आणि मोठा वेल झाला. जे व्हायला महिना लागतो, ते काही क्षणांत! पैसे उभे राहिले.

पुढं १९१५ मध्ये त्यांनी आगपेटीतल्या काड्यांना कामाला लावलं. त्या चित्रपटाचं नाव 'आगकाड्यांची मौज'. त्यात काड्या आपापल्या चालतात. हे कसं करायचं? काडी ठेवायची, हात बाजूला घ्यायचा, एक फ्रेम घ्यायची. काडी गव्हाच्या दाण्याएवढी सरकवायची, हात बाजूला, पुन्हा एक फ्रेम. असं करत राहायचं. या पद्धतीला स्टॉप-मोशन म्हणतात. त्या काळी मूकपट सेकंदाला साधारण १६ फ्रेमच्या वेगानं चालत. म्हणजे काडी एक सेकंद चालवायला तिला १६ वेळा हलवायचं! मध्येच कुणी शिंकलं आणि काड्या विस्कटल्या, की बसा परत मांडत.

वाटाणा आणि काड्या, दोन्हींची युक्ती एकच आहे बघा. दोन फ्रेमच्या मध्ये जे झालं, ते प्रेक्षकाला दाखवायचंच नाही. वाटाण्याच्या बाबतीत मधली रात्र लपवली, काड्यांच्या बाबतीत हात लपवला. जादूगार दुसरं काय करतो?

आमच्या काकतीवरून जो रस्ता निपाणीमार्गे कोल्हापूरला जातो, त्या कोल्हापुरात १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी निघाली. १९३३ मध्ये ती पुण्याला गेली, आणि पुढच्याच वर्षी तिथं 'जंबूकाका' हा कार्टूनपट तयार झाला. प्रभातच्या त्या जागेत आज पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट आहे. पुढं १९५६ मध्ये मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टूनचा विभाग सुरू झाला. तिथं शिकवायला आले क्लेअर वीक्स, डिस्नेच्या स्टुडिओत काम केलेले. त्यांच्या हाताखाली तयार झाले राम मोहन, ज्यांना भारतीय ॲनिमेशनचे जनक म्हणतात. १९७४ मध्ये विजया मुळे यांनी 'एक अनेक और एकता' केली. पाखरं एकजुटीनं जाळ्यासकट उडून जातात, ती फिल्म. तुमच्या आईबाबांना विचारा, ते लगेच गाणं म्हणायला लागतील. २००५ च्या 'हनुमान'चे दिग्दर्शक होते व्ही. जी. सामंत. आणि फाळके शिकले त्याच जे. जे. मध्ये शिकलेल्या गीतांजली राव यांनी 'प्रिंटेड रेनबो' ही फिल्म जवळजवळ एकटीनं रंगवली. २००६ मध्ये तिला फ्रान्सच्या कान महोत्सवात बक्षिसं मिळाली.

चन्नम्मा राणीचा घोडा

ॲनिमेशन शिकायला आलेल्या प्रत्येकाच्या मनात एखादी फिल्म असते. मी काकतीची, म्हणून माझ्या मनात राणी चन्नम्मा. बेळगावच्या चन्नम्मा चौकात घोड्यावर बसलेल्या राणीचा पुतळा आहे. तो घोडा उधळून धावायला लागला तर?

काढायला बसले की पहिली अडचण उभी राहते. घोडा धावताना चारही पाय एकदम हवेत असतात का? आणि असले, तर त्या वेळी ते कसे दिसतात?

जुन्या चित्रांत बघा. पुढचे पाय पुढं ताणलेले, मागचे मागं ताणलेले, घोडा हवेत तरंगतोय. शेकडो वर्षं मोठमोठ्या चित्रकारांनी असेच घोडे काढले. डोळ्यांनी नीट दिसतच नाही, इतक्या झपाट्यानं पाय पडतात! मग १८७८ साली अमेरिकेत एडवर्ड मायब्रिज नावाच्या छायाचित्रकारानं धावपट्टीच्या कडेला ओळीनं कॅमेरे मांडले. समोरून घोडा गेला, की एकामागून एक कॅमेऱ्यांची झाकणं उघडायची आणि मिटायची. फोटो धुऊन बघितले, तर काय? चारही पाय हवेत असतात, हे खरं. पण तेव्हा ते ताणलेले नसतात. चारही पाय पोटाखाली गोळा झालेले असतात!

चित्रकारांच्या घोड्याचं एकच चित्र भिंतीवर टांगलं, तर छान दिसतं. पण तशी चोवीस चित्रं काढून पळवून बघा. तो घोडा धावत नाही, हवेत घसरतो. तुम्ही घोडेस्वार नसाल, तरी तुमचा मेंदू लगेच सांगतो, 'काहीतरी चुकतंय.' टांगे, जत्रेतले घोडे, टीव्हीवरच्या शर्यती, त्यानं सगळं बघून ठेवलेलं असतं.

म्हणून मेंदूला फसवायचं असेल, तर आधी खरं काय घडतं ते त्याच्यापेक्षाही बारकाईनं बघावं लागतं. ॲनिमेशनचा अर्धा अभ्यास हाच, आणि तो वर्गाबाहेर होतो.

वही घ्यायची आणि बसस्टँडवर जाऊन बसायचं. निपाणीचं स्टँड त्यासाठी झकास. जड पिशवी उजव्या हातात असेल, तर माणूस डावीकडं झुकतो. एसटीची पायरी चढताना आजी आधी गुडघ्यावर हात ठेवते, मग पाऊल उचलते. उशीर झालेला माणूस चालताना आधी मान पुढं काढतो. आणि नुसतं साधं चालणं बघा. डोकं सरळ रेषेत पुढं जातच नाही! दोन्ही पाय फाकून जमिनीवर असतात तेव्हा ते खाली येतं, एका पायाशेजारून दुसरा पाय पुढं जाताना वर जातं. ही खालीवर चाल विसरलात, तर तुमचा माणूस चालत नाही, कुणीतरी चाकांच्या पाटावर ठेवून ओढल्यासारखा दिसतो.

योगी बेअरची कॉलर

आता हिशेब करू. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे मिनिटाला १,४४० आणि दीड तासाच्या चित्रपटाला १,२९,६००. प्रत्येक फ्रेमला नवीन चित्र काढायचं म्हटलं, तर हाताचा खुर्दा! म्हणून बहुतेक वेळा एकच चित्र दोन फ्रेम ठेवतात. सेकंदाला बारा चित्रं झाली, तरी डोळ्यांना चालतं. जपानमध्ये १९६३ साली 'ॲस्ट्रो बॉय' टीव्हीसाठी करताना एक चित्र तीन-तीन फ्रेम ठेवलं. म्हणजे सेकंदाला आठच चित्रं!

यातलं कामही वाटून घेतात. उडी मारायची असेल, तर उडीआधी वाकलेला, हवेत सर्वांत वर पोचलेला आणि जमिनीवर आदळलेला, अशी महत्त्वाची चित्रं मुख्य चित्रकार काढतो. ती 'की' चित्रं. मधली सगळी चित्रं दुसरे काढतात. ती 'इन-बिटवीन'. खालून उजेड येणाऱ्या काचेच्या टेबलावर आधीचा कागद ठेवून त्यावर पुढचा कागद ठेवला, की आधीचं चित्र आरपार दिसतं आणि किती सरकवायचं ते कळतं. आता हे संगणकावर करतात, पण युक्ती तीच. संगणकालाही घाम फुटतो बरं का! संपूर्ण संगणकावर झालेला पहिला मोठा चित्रपट 'टॉय स्टोरी' १९९५ मध्ये आला. तेव्हा एकेका फ्रेमसाठी यंत्रं तासन्‌तास राबत होती.

कामाचा डोंगर कमी करायला या लोकांनी काय काय शोधलंय! 'टॉम अँड जेरी' काढणारे हॅना आणि बार्बेरा पुढं टीव्हीसाठी कार्टून करू लागले. तिथं पैसे थोडे आणि वेळही थोडा. त्यांचा योगी बेअर आठवा. अंगात सदरा नाही, पण गळ्यात कॉलर आणि टाय! का? कॉलरच्या वरचं डोकं वेगळं, खालचं धड वेगळं. योगी बोलत असेल, तेव्हा धडाचं चित्र तेच ठेवायचं आणि फक्त डोकं नवीन काढायचं. जोड कॉलरखाली लपतो. मिकी माउसच्या हाताला चारच बोटं आहेत, तीही अशीच. प्रत्येक हाताचं एक बोट वाचलं, तर हजारो चित्रांत किती बोटं वाचली, याचा हिशेब तुम्हीच करा.

करून बघा

कॉलेजात पहिला गृहपाठ काय मिळतो, माहितीये? राक्षस नाही, राजकन्या नाही. एक टप्पा खाणारा चेंडू. ऐकायला सोपं वाटतं ना? मग चला.

एखाद्या जुन्या वहीचे २४ कोरे कागद एकसारखे कापा. एका बाजूला पिना मारून छोटी वही करा. प्रत्येक पानावर एकाच ठिकाणी खाली जमिनीची आडवी रेघ मारा. तिच्या वर ८ सेंटिमीटर मोजा. तिथून चेंडू सुटणार.

वरून खाली पडणारी वस्तू सारख्या वेगानं पडत नाही, तिचा वेग वाढत जातो. सारख्या वेळात ती आधी एक भाग पडते, मग तीन भाग, मग पाच, मग सात. गॅलिलिओनं हे चारशे वर्षांपूर्वी ताडलं. आपण एका भागाला अर्धा सेंटिमीटर धरू.

पहिल्या पानावर चेंडू सगळ्यात वर. दुसऱ्या पानावर तिथून अर्धा सेंटिमीटर खाली. तिसऱ्यावर २ सेंटिमीटर खाली, चौथ्यावर साडेचार, पाचव्यावर ८, म्हणजे जमिनीवर. इथं चेंडू थोडा चपटा काढा. पण लक्षात ठेवा, उंची कमी झाली की रुंदी वाढायलाच हवी. नाहीतर चेंडूतली हवा गेल्यासारखी दिसेल. आता वर जायचं, पण मोजायचं आधीसारखंच वरून खाली. सहाव्या पानावर साडेचार, सातव्यावर २, आठव्यावर अर्धा सेंटिमीटर. आठ पानं झाली. हेच आणखी दोनदा काढलं, की २४ पानं भरली. अंगठ्यानं पानं भराभर सोडा. टप, टप, टप!

इथं थांबू नका. आणखी २४ कागदांची दुसरी वही करा. या वेळी चेंडू प्रत्येक पानावर सारखाच सरकवा. वरून खाली ० , २, ४, ६, ८ सेंटिमीटर, आणि वर जाताना ६, ४, २. चित्रं तेवढीच, चेंडूही तोच. पण वही पळवून बघा, हा चेंडू पडत नाही. दोरीला बांधून कुणीतरी वर-खाली ओढल्यासारखा दिसतो. कागदावर वजन काढता येत नाही. पण दोन चित्रांमधलं अंतर बदललं, की वजन आपोआप दिसायला लागतं!

आता तिसरी वही, आणि ती पूर्णपणे तुमची. या वहीत चेंडूऐवजी हवेनं भरलेला फुगा खाली येऊ दे. कुठल्या पानावर किती सेंटिमीटर? चेंडूचे आकडे इथं चालणार नाहीत, कारण फुग्याला हवा चांगलीच अडवते. मी आकडे सांगणार नाही. दुकानातून एक फुगा आणा, फुगवा, हात उंच करून सोडा, आणि तो खाली कसा कसा येतो ते दहा वेळा तरी नीट बघा. मगच पेन्सिल हातात घ्या.